खिंडीपलीकडचं पाणी

पिरंगुटहून उरवड्यामार्गे मुठे गावाकडे निघालं की रस्ता डोंगराच्या एका सोंडेवर चढतो आणि बघता बघता खिंडीत येतो. या खिंडीच्या अलीकडे पडलेला पाऊस ओढ्यांतून मुळा नदीला जातो, पलीकडे पडलेला मुठेला. दोन हातांवर पडलेले हे थेंब पुन्हा भेटतात ते थेट पुण्यात, संगमावर. मधल्या प्रवासात त्यांचं नशीब अगदी वेगळं असतं. मुठेचं पाणी खडकवासल्याला अडतं आणि पुण्याच्या नळांना येतं. मुळेचं पाणी औंध, दापोडीकडून वळसा घेत येतं, आणि त्यातला फार मोठा वाटा तर पुण्याकडे येतच नाही. तो मुळशीच्या धरणातून उलटा, पश्चिमेला, कोकणात उतरतो.

गाडीतून जाणाऱ्याला ही खिंड जाणवतही नाही. गिअर बदलला, चार वळणं घेतली, झालं. सायकलवाल्याला मात्र ती ओळ पायांनी ओलांडावी लागते. छाती भरून येते, वेग माणसाच्या चालीच्या जवळ येतो, आणि मग अचानक पॅडल हलकं होतं. तो हलकेपणा जिथे येतो तीच पाणलोटाची रेघ. मुळशी तालुक्याचा भूगोल समजून घ्यायला सायकलपेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. आणि तो भूगोल कळायला उंच, नावाजलेले घाट लागत नाहीत. दीडशे-दोनशे मीटर चढाच्या, फारशी कोणी दखल न घेतलेल्या छोट्या खिंडी पुरतात.

नकाशा समोर धरला तर रचना सोपी आहे. सह्याद्रीचा मुख्य कडा उत्तर-दक्षिण उभा. त्या कड्यापासून पूर्वेला डोंगराच्या लांब सोंडा निघतात, आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक खोरं. उत्तरेकडून मोजत आलं तर पवना, मग मुळा, मग मुठा, मग मोसे, मग आंबी. पवनेवर पवना धरण, त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडला. मुळेवर मुळशी धरण. मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत. या तिन्ही नद्या सांगरुणजवळ एकत्र येऊन खडकवासल्याच्या जलाशयात शिरतात. म्हणजे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना काही ठिकाणी आपण एका शहराच्या पाण्यातून दुसऱ्या शहराच्या पाण्यात जात असतो.

इथे दोन प्रकारचे चढ आहेत आणि ते मनात वेगळे ठेवायला हवेत. एक, सोंड ओलांडून शेजारच्या खोऱ्यात नेणारा: मुठ्याची खिंड, कोळवण-हाडशीकडून जवणला उतरणारी वाट, टेमघरवरून लवासाकडे जाणारा चढ. यात चढावं तेवढंच साधारण उतरावं लागतं. दुसरा, घाटमाथ्यावरून कोकणात कोसळणारा: ताम्हिणी. तिथे पुण्याच्या बाजूने चढ मामुली आणि पलीकडे उतार प्रचंड. पहिल्या प्रकारच्या वाटांनी गावं एकमेकांना जोडली, दुसऱ्या प्रकारच्या वाटांनी देश आणि कोकण. तैलबैल्याजवळून उतरणारा वाघजाई घाट, सवाष्णी घाट, सवाळ्या घाट या पायवाटांवरून शतकानुशतकं मीठ, तांदूळ आणि माणसं ये-जा करत होती. घाटाच्या पायथ्याला ठाणाळ्याची आणि खडसांबळ्याची बौद्ध लेणी आहेत, माथ्यावर घनगड, कोराईगड, कैलासगड पहाऱ्याला आहेत. इतकी लेणी आणि इतके किल्ले ओसाड रानात कोणी उभारत नाही. तिथून राबता होता, म्हणून ते आहेत.

खिंड नेमकी तिथेच का, याचं उत्तर दगडात आहे. हा सगळा प्रदेश बेसाल्टचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेल्या लाव्ह्याच्या थरांचा. थर सगळे सारखे नाहीत. काही घट्ट, एकसंध. काहींत वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेली. घट्ट थर सहजी झिजत नाही, त्याचा कडा होतो. सच्छिद्र थर लवकर झिजतो, त्याचा उतार किंवा पठाराची पायरी होते. दोन लाव्ह्यांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराचा माथा हवेपाण्याने कुजून तांबूस झालेला असतो आणि वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेला. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या दगडाच्या मधोमध हा विटकरी पट्टा स्पष्ट दिसतो. चढताना दम घ्यायला थांबलात तर तो शोधा.

सोंडेच्या दोन्ही बाजूंनी ओढे डोंगर पोखरत मागे मागे सरकत असतात. जिथे दगडात भेगा जास्त, तिथे हे काम जोरात चालतं. दोन बाजूंचे ओढे एकमेकांच्या जवळ आले की मधली धार खचते, आणि डोंगराच्या रेषेत खाच पडते. आधी ती गुरांनी शोधली, मग माणसांनी, मग बैलगाडीने, मग सार्वजनिक बांधकाम खात्याने. या थरांमुळेच इथले चढ एकसारखे नसतात. थोडा वेळ अंगावर येणारा खडा रस्ता, मग अचानक जवळजवळ सपाट तुकडा, त्यावर दोन-चार घरं आणि भातखाचरं, मग पुन्हा खडा. नवखा माणूस पहिल्या खड्या तुकड्यालाच सगळी ताकद लावतो. पुढे पायरी येणार हे ठाऊक असलेला माणूस तिथवर रेटतो आणि पायरीवर श्वास परत मिळवतो.

आता थोडं गणित, कारण चढाची भीती बरीचशी गणित न कळल्याने असते. माणूस, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धरू. हे वजन १०० मीटर उंच न्यायला सुमारे ८३ किलोज्यूल काम करावं लागतं. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातली जेमतेम चौथाई ऊर्जा कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा १०० मीटर चढायला अन्नातल्या साधारण ८० किलोकॅलरी खर्च होतात. एका मध्यम भाकरीत त्याहून बरंच जास्त असतं. मुठ्याची खिंड काय किंवा हाडशीचा चढ काय, न्याहारी करून निघालेल्या कोणाच्याही शरीरात त्याला पुरेल इतकं इंधन असतंच.

मग त्रास कशाचा होतो? वेगाचा, म्हणजे ती ऊर्जा किती वेळात काढायची याचा. सपाटीला ताशी २५ किलोमीटरने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि ती साधारण १२५ ते १३० वॅट भरते. ७ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर अंतरात ७ मीटर वर जाणाऱ्या रस्त्यावर, जवळपास तेवढ्याच ताकदीत वेग मिळतो ताशी ८ किलोमीटरच्या आसपास. शरीर तेच, कष्ट तेच, फक्त वेगाचा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर आला. हे मनाने मान्य केलं की चढ निम्मा सोपा होतो. जो मान्य करत नाही, तो सपाटीचा वेग चढावर टिकवायला जातो आणि तिसऱ्या वळणाला उतरून कठड्यावर बसतो.

गिअरचं कामही इथे समजतं. जुनी काळी सायकल घ्या, जिच्यावर मावळातल्या कितीतरी दूधवाल्यांनी संसार केले. तिच्या पॅडलचा एक फेरा झाला की सायकल पाच मीटरच्या पुढे जाते. ताशी ८ किलोमीटर वेगाला मिनिटाला २५-२६ फेरेच पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात मोठा जोर, आणि तो सगळा गुडघ्यावर. म्हणून ते लोक चढाला उतरायचे आणि किटल्यांसकट सायकल ढकलत न्यायचे. त्यात कमीपणा नव्हता, शहाणपण होतं. आजच्या गिअरच्या सायकलला पुढे ३४ आणि मागे ३२ दात असले तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर अंतर पडतं आणि त्याच वेगाला मिनिटाला साठेक फेरे होतात. काम तितकंच, पण ते जास्त फेऱ्यांत वाटलं जातं. गुडघे वाचतात, भार श्वासावर येतो, आणि श्वास सरावाने वाढतो. मुळशीसाठी सायकल घेणाऱ्याने फ्रेम कार्बनची आहे का हे विचारण्याआधी मागची सगळ्यात मोठी चक्री किती दातांची आहे हे विचारावं.

डोंगरी मोठे रस्ते आखताना चढ ५ ते ७ टक्क्यांत ठेवण्याचा प्रयत्न असतो, कारण लादलेले ट्रक त्यावरून जायचे असतात. वाड्या-वस्त्यांना जोडणारे रस्ते जुन्या गाडीवाटांवरच डांबर टाकून केलेले असतात, तिथे १० टक्के किंवा त्याहून जास्त चढ सहज भेटतो. आणखी एक गोष्ट वळणांची. तीव्र वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा आखूड असते, पण उंची दोन्हीकडे तेवढीच वाढते. म्हणून आतली कड जास्त खडी. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावं वळण आलं की सायकलवाला नेमका त्या खड्या कोपऱ्यात सापडतो. वळणाच्या आधीच एक गिअर हलका करून ठेवावा. वळणात शिरल्यावर ताणलेल्या चेनवर गिअर बदलायला गेलं की चेन उतरते किंवा तुटते.

उन्हाचंही सांगायला हवं. सपाटीला आपणच तयार केलेला वारा घाम वाळवतो. ताशी आठ किलोमीटरला तो वारा नसतो. मार्चनंतर सकाळी नऊच्या पुढे इथले उघडे चढ अंग भाजून काढतात, तेव्हा पहाटे निघणं हा हौसेचा भाग राहत नाही. पाण्यासोबत मीठ-साखरेचं लिंबू सरबत ठेवावं. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की एक पायरी खाली या.

वाटांविषयी. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट: हा टप्पा दारातला, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण मला तो आवडत नाही. पिरंगुटच्या कारखान्यांची वाहतूक, डंपर, धूळ, आणि शनिवार-रविवारी शहरातून उसळणारी गर्दी. उजाडायच्या सुमाराला तो पार करावा आणि मागे वळून पाहू नये. खरा मुलूख पिरंगुटच्या पुढे सुरू होतो. तिथून डावीकडे उरवडे आणि मुठ्याची खिंड, सरळ पौड, पौडच्या अलीकडून-पलीकडून उजवीकडे कोळवणचं खोरं.

कोळवणची वाट माझ्या मते तालुक्यातली सगळ्यात समजूतदार वाट आहे. खोरं रुंद, दोन्ही हातांना भातखाचरं, मधून मुळेला मिळायला निघालेली वाळकी नदी. चिन्मय विभूती आणि हाडशीचं सत्यसाई पांडुरंग क्षेत्र मागे टाकलं की रस्ता वर वळतो. एवढा वेळ हळूहळू चढत आल्यामुळे खिंडीचा शेवटचा चढ फारसा दमवत नाही, आणि माथा ओलांडला की समोर तिकोना उभा. तुंग त्याच्या मागे, खाली पवनेचं पाणी. मुळेच्या खोऱ्यातून पवनेच्या खोऱ्यात आलो हे कोणी पाटी लावून सांगायची गरज उरत नाही. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आखलेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीचा एक टप्पा मुळशी-मावळातून नेला गेला, याचं या मुलखात पाय फिरवलेल्या कोणालाही नवल वाटणार नाही.

लवासाकडचा चढ यापेक्षा वेगळा. मुठ्यातून टेमघरच्या अंगाने वर चढणारा रस्ता गुळगुळीत, सायकलस्वारांचा लाडका. खिंड ओलांडली की मोसेचं खोरं, वरसगावचा फुगवटा आणि दासवे गावाभोवती उभं राहिलेलं ते डोंगरी शहर. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचं काम थांबवलं होतं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगराचा उतार कापून सपाट पायऱ्या केल्या की पावसाचं पाणी मुरण्याच्या आणि वाहण्याच्या जुन्या वाटा मोडतात, आणि दरडी सैल होतात. चढताना वेग कमी असतो म्हणून कापलेल्या डोंगराकडे बघायला वेळ मिळतो. बघावं.

पौडहून सरळ पुढे गेलं की मुळशीचा जलाशय लागतो, आणि इथे सायकल थोडी बाजूला लावून इतिहास आठवणं भाग आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांनी घाटमाथ्यावरचं पाणी अडवून कोकणात सोडायचं आणि त्या पडण्यावर वीज करायची ही कल्पना आधी खोपोलीला राबवली, १९१५ साली. भिवपुरी १९२२. तिसरा प्रकल्प मुळशीचा. मुळा आणि निळा नद्यांचं पाणी अडवायचं, डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिरा इथे सोडायचं. कल्पना अभियंत्याच्या दृष्टीने देखणी होती. पण त्या खोऱ्यात माणसं राहत होती, पन्नासच्या आसपास गावं, मावळातली उत्तम भातजमीन. सरकारने ती जमीन भूसंपादन कायद्याखाली कंपनीला मिळवून द्यायचं ठरवलं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. पांडुरंग महादेव बापट यांचं नेतृत्व पुढे आलं, विनायकराव भुस्कुटे सोबत होते, पुण्यातली जाणती मंडळी पाठीशी होती. ‘सेनापती’ ही बापटांची ओळख याच लढ्यातून आली. पण लढा आतून दुभंगत गेला. कसणारा शेतकरी जमीन सोडायला तयार नव्हता; जमिनी ज्यांच्याकडे गहाण होत्या किंवा मालकीच्या होत्या अशा पुण्यातल्या सावकार-जमीनदारांना चांगला मोबदला चालणार होता. राजेंद्र व्होरा यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ या पुस्तकात ही फूट तपशिलात मांडली आहे. १९२४ पर्यंत लढा संपला, १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. धरणाविरुद्ध विस्थापितांनी केलेल्या संघटित लढ्यांत हा जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. शंभर वर्षं उलटून गेली आहेत.

याचा सायकलीशी संबंध आहे, आणि तो पायांना कळतो. खोऱ्यात गावं असतात तिथे जुना रस्ता नदीच्या काठाने, सपाटीने जातो. इथे नदीकाठच पाण्याखाली गेला. माणसं वर सरकली, वाड्या डोंगराच्या कुशीत गेल्या, आणि रस्ताही त्यांच्यामागे वर गेला. म्हणून जलाशयाच्या कडेकडेने जाणारा ताम्हिणीचा रस्ता सतत वर-खाली होतो: ओढ्याच्या पोटात उतरायचं, सोंडेला वळसा घालत चढायचं, पुन्हा उतरायचं. एकही चढ मोठा नाही, पण शेवटी बेरीज करायला गेलं तर ती एखाद्या मोठ्या घाटाइतकी भरते.

या रस्त्यावर पुढे जाल तसं रान बदलतं, आणि ते बदलतं पावसामुळे. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सायकलने एका सकाळीत गाठता येईल इतक्या अंतरावरच्या ताम्हिणीत चांगल्या वर्षी तो ६००० च्या वर जातो. जुलै २०२४ मध्ये तर एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक नोंदला गेला. समुद्रावरून येणारं बाष्पाचं वारं कड्याला धडकून वर उचललं जातं, थंड होतं, सगळा माल तिथेच रिता करतं आणि पुण्याला उरलंसुरलं देतं. भूगावच्या टेकड्यांवर झुडुपं आणि लावलेला गिरिपुष्प. पौडच्या आसपास साग, ऐन. मुळशी ओलांडली की जांभूळ, अंजनी, हिरडा, आणि उतारांवर दाट कारवी. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि मग डोंगराचे डोंगर जांभळे होतात. तिच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होत. ताम्हिणीला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे ५० चौरस किलोमीटर. शेकरू इथे आहे, भेकर आहे, बिबट्या आहे. पावसाळ्यात ओढ्याजवळ माणसाने वाजवावी तशी शीळ ऐकू आली तर तो शीळकरी कस्तूर. गाडीच्या बंद काचेतून ती शीळ कोणीही ऐकलेली नाही.

रस्त्यालगत कुठे कुठे उंच झाडांचा एकच गच्च पुंजका दिसतो, भोवती रान विरळ आणि तो तेवढा अभंग. ती देवराई. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या, त्या काळच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या, वा. द. वर्तक यांनी आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांचं मोल कळलं. गावाला ते आधीपासून माहीत होतं. देवराईतला झरा बहुतेक वेळा उन्हाळ्यातही आटत नाही. सायकल बाहेर ठेवावी, चप्पल-बूट काढावेत, आणि तिथलं वाळलेलं काटूकही उचलू नये.

ऋतू निवडताना गावाचं काम ध्यानात ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत खाचरांच्या कोपऱ्यात राब भाजलेले दिसतात: पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जाळलेली काळी जमीन, ज्यावर पुढे भाताचं आवण पेरायचं. त्याच दिवसांत कातकरी बायका करवंदं-जांभळं घेऊन रस्त्याकडेला बसतात. भाव न करता घ्यावीत. मेअखेरीला संध्याकाळी काजवे. जून-जुलैमध्ये चिखलणी आणि लावणी, सगळं गाव शेतात, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, भात पोटरीत येऊन लोंब्या धरायला लागलेला असतो, हवा धुतलेली. मला विचाराल तर हाच काळ.

पावसाळ्यात जायचंच असेल तर उताराची तयारी चढापेक्षा जास्त हवी. ताम्हिणीच्या माथ्यावरून विळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर खाली उतरावं लागतं. ८५ किलो वजन एवढं खाली येतं तेव्हा चारशे किलोज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. वेग मोकळा सोडला तर ती हवेत जाते, पण ७ टक्के उतारावर ब्रेक न लावता वेग ताशी ५० किलोमीटरला पोचतो, आणि पुढे वळण आहे. सतत ब्रेक दाबून धरला तर सगळी उष्णता रिमवर आणि पॅडवर. म्हणून सरळ तुकड्यात सोडावं, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा, आणि वळणात शिरताना ब्रेक सुटलेला असावा. वेग कमी होताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर खरं काम पुढचा ब्रेकच करतो. मागचाच दाबत राहिलं तर मागचं चाक घसरतं.

ओल्या रिमवर ब्रेकचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. म्हणजे थांबायला लागणारं अंतर आपल्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. त्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ, पांढऱ्या पट्ट्यांचा रंग, पडलेली पानं, आणि धुक्यात दिवे न लावता धावणाऱ्या गाड्या. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर ताम्हिणीत दरड कोसळते, रस्ता खचतो, आणि प्रशासन घाट बंद करतं. बंद म्हटलं की बंद. कडेने सायकल जाईल म्हणून अडथळ्याला वळसा घालणाऱ्यांना मी पाहिलं आहे आणि मला त्यांचं कौतुक नाही. वर सैल झालेला दगड खाली सायकल आहे की ट्रक हे बघत नाही.

ज्यांना ताम्हिणी उतरायचा नाही त्यांच्यासाठी घाटमाथ्यावरूनच एक सुंदर वाट आहे. ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या निव्याहून उत्तरेला वळायचं, पिंपरी, जिथून अंधारबनची पायवाट सुटते, तिथून पुढे भांबर्डे, मग सालतर खिंड, आंबवणे आणि लोणावळा. डावीकडे मधूनमधून कोकणाची दरी उघडते, तैलबैल्याच्या दोन उभ्या भिंती बराच वेळ सोबत करतात, आणि चढ एकामागून एक येत राहतात. वस्ती विरळ, दुकानं त्याहून विरळ, फोनची रेंज पुष्कळ ठिकाणी नाही. दोन ट्यूब, पंप, चेनचा जोड, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि कोणाला तरी घरी सांगून ठेवलेली परतायची वेळ, इतकं असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. आधी मुठ्याची खिंड करावी, मग कोळवण-हाडशी-तिकोना, मग मुळशीच्या काठाने ताम्हिणी गावातल्या विंझाईच्या देवळापर्यंत जाऊन परत. पाय आणि गिअर दोन्ही ओळखीचे झाले की निव्याला उजवीकडे वळायला हरकत नाही.